‘तशीही बंदच पडणार होती’ असं म्हणू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात काही दिवसांपूर्वी एका वाचकाचं पत्र आलं होतं. करोनाच्या टाळेबंदीत जगभरातली जी मोठी डिपार्टमेंट स्टोअर्स बुडाली, त्यांच्याबद्दल त्यांनी एका ओळीत निकाल देऊन टाकला होता : ‘ती तशीही बंदच पडणार होती, महामारी फक्त निमित्त झाली.’ हे वाक्य मी गेली काही वर्षं सतत ऐकते आहे. नातेवाइकांकडून ऐकलं, बँकेतल्या ओळखीच्या माणसाकडून ऐकलं, माझ्या स्वतःच्या भाच्यानेही ते मला समजूत घालण्याच्या सुरात सांगितलं. दर वेळी मी गप्प बसले. छापून आलेलं पाहिल्यावर मात्र राहवलं नाही. पत्र लांबणार आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते.

मी २३ वर्षं एका डिपार्टमेंट स्टोअरमध्ये नोकरी केली. सुरुवात मोजे आणि रुमालांच्या काउंटरवर झाली. शेवटची नऊ वर्षं दुसऱ्या मजल्याची सुपरवायझर होते. दुसरा मजला म्हणजे स्त्रियांचे कपडे, पर्सेस, चपला-बूट आणि मागच्या कोपऱ्यात आल्टरेशनची खोली. दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला जे सांगायचं आहे ते त्या एका दुकानापुरतं नाही.

मार्च २०२०. दुपारी साडेतीनच्या सुमारास वरून निरोप आला की आज वेळेआधी शटर ओढायचं आहे. आम्हाला वाटलं, दोन आठवड्यांचा प्रश्न आहे. त्यामुळे कुणी काही आवरलंच नाही. अत्तरांच्या टेस्टरच्या बाटल्या काउंटरवर तशाच राहिल्या. ट्रायल रूमबाहेरच्या रॅकवर गिऱ्हाइकांनी ‘नको’ म्हणून सोडलेले कपडे तसेच लोंबत राहिले. दर्शनी काचेतल्या पुतळ्यांच्या अंगावर आदल्याच आठवड्यात चढवलेले नव्या सीझनचे कपडे होते. सरकते जिने बंद केले तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की या इमारतीला एक आवाज होता. तेवीस वर्षांत तो थांबलेला मी कधी ऐकला नव्हता.

त्याच दिवसांत सगळीकडे हेच घडत होतं. अमेरिकेत मेसीजने १८ मार्चला आपली सगळी दुकानं बंद केली आणि महिनाअखेरीस सव्वा लाखाच्या आसपास कर्मचाऱ्यांपैकी बहुतेकांना बिनपगारी रजेवर पाठवलं. लंडनमध्ये सेल्फ्रिजेसनेही दारं लावून घेतली. ऑस्ट्रेलियात मायरने मार्च संपता संपता दहा हजार लोकांना घरी बसवलं. आकडे वाचताना हे सगळं एखाद्या बटणावर बोट ठेवावं तसं वाटतं. आत काय चाललं होतं ते आता सांगते.

टाळेबंदीत इमारतीच्या देखभालीसाठी आमच्यातल्या सहा जणांना पास मिळाले, त्यात मी एक होते. मंगळवारी आणि शुक्रवारी जायचो. बंद दुकान म्हणजे कुलूप घातलेली खोली नव्हे, हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. प्रत्येक मजल्यावरच्या प्रत्येक स्वच्छतागृहातला प्रत्येक नळ काही मिनिटं सोडून ठेवावा लागतो, कारण साचलेल्या पाण्यात लीजनेला नावाचे जंतू वाढतात आणि ते फुप्फुसात गेले तर न्यूमोनिया होतो. सरकते जिने थोडा वेळ चालवायचे. लिफ्ट रिकामीच वरखाली करायची. उंदरांचे सापळे बघायचे. छताला कुठे ओल दिसते का ते टॉर्च मारून पाहायचं.

वीज वाचवायची म्हणून एसी आठवड्यातून मोजके तास लागायचा. तिसऱ्या आठवड्यात चामड्याच्या पर्सेसवर पांढरी बुरशी दिसायला लागली. आधी शिवणीच्या कडेला, मग पट्ट्याच्या घडीत, मग आतल्या कप्प्याच्या तोंडाशी. मी आणि सफाई विभागातले एक काका, आम्ही दोघांनी जमिनीवर चादर अंथरली आणि एकेक पर्स कोरड्या फडक्याने पुसली. दोनशेच्या वर पर्सेस होत्या. प्रत्येकीच्या आत कागदाचे बोळे कोंबलेले असतात, आकार राहावा म्हणून. ते दमट झाले होते. ते काढून टाकले आणि गोडाऊनमधून कोरडा कागद आणून पुन्हा भरला. पुढच्या मंगळवारी गेलो तर निम्म्या पर्सेसवर पुन्हा तेच. काका म्हणाले, ‘ताई, याला हात लावणारं माणूस पाहिजे. रोज कुणी उचललं, उघडलं, बघितलं की बुरशी धरत नाही.’ शास्त्र काय सांगतं ते मला माहीत नाही, पण तेवीस वर्षांत मी पर्सेसवर बुरशी पाहिली नव्हती, हे खरं.

काचेतले पुतळे आम्ही जूनमध्ये उतरवले. एका पुतळ्याच्या अंगावर फिकट निळा कोट होता. हँगरला लावून उजेडात धरला तर उजवा खांदा आणि उजवी बाही पांढुरकी पडलेली, डावी बाजू मात्र नवी कोरी. तीन महिने ऊन एकाच अंगाने येत होतं. पाठीमागे कपडा अंगावर बसावा म्हणून टाचण्या लावतात, त्या जागी गंजाचे बारीक ठिपके उठले होते. तो कोट विकण्याजोगा राहिला नव्हता. रजिस्टरमध्ये ‘खराब’ म्हणून नोंद करताना मी टॅग पाहिला. आमच्याकडे तो फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात आला होता.

‘तशीही बंदच पडणार होती’ म्हणणाऱ्यांनी या टॅगवरच्या तारखेचा थोडा विचार करावा. कपड्यांच्या धंद्यात वर्ष नसतं, सीझन असतो. जो माल मार्चमध्ये मजल्यावर लागतो, त्याची ऑर्डर सहा ते नऊ महिने आधी गेलेली असते. म्हणजे टाळेबंदी लागली तेव्हा एक सीझन हँगरवर होता, त्याच्या मागचे लॉट वाटेत होते आणि थंडीच्या मालाची बोलणीही बऱ्याच अंशी पक्की झालेली होती. विक्री शून्य, आणि देणी मात्र दोन-तीन सीझनची. त्यात पूर्ण किमतीला माल खपतो तो पहिल्या आठ-दहा आठवड्यांतच. त्या कमाईवर पुढचा सेल सोसता येतो. नेमके तेच आठवडे कुलपात गेले. दुकानं उघडली ती थेट सेलच्या पाट्या लावूनच. किराणा मालाच्या दुकानात डाळीचं पोतं तीन महिने राहिलं तरी डाळच असते. उन्हाळी कपडा तीन महिने राहिला की त्याला आम्ही डेड स्टॉक म्हणतो.

अमेरिकेत एप्रिल २०२० या एका महिन्यात कपड्यांच्या दुकानांची विक्री आदल्या महिन्यापेक्षा पाऊण हिश्श्याहून जास्त घसरली. आणि आदला महिना म्हणजे मार्च, तोही अर्धा बंदच होता. जपानमध्ये डिपार्टमेंट स्टोअर्सची त्या एप्रिलची विक्री आदल्या वर्षीच्या एप्रिलपेक्षा सत्तर टक्क्यांहून जास्त खाली आली. तिथे बऱ्याच दुकानांनी तळघरातला खाद्यपदार्थांचा विभाग तेवढा चालू ठेवला होता आणि वरचे सगळे मजले अंधारात होते. एवढा मार बसल्यावर कुठला धंदा उभा राहील? सशक्त धंदाही कोसळतो.

आता कुणी म्हणेल, नियम सगळ्यांना सारखे होते. नव्हते. जर्मनीत एप्रिल २०२० मध्ये दुकानं उघडायला सुरुवात झाली तेव्हा मर्यादा घातली ८०० चौरस मीटरची. त्याहून मोठ्या दुकानांना परवानगी नाही. काही दुकानदारांनी मजल्यावर दोऱ्या आणि फळ्या लावून आपलं दुकान ८०० चौरस मीटरचं करून घेतलं. त्याच महिन्यात बव्हेरियाच्या प्रशासकीय न्यायालयाने हा भेदभाव समानतेच्या तत्त्वात बसत नाही असं सांगितलं. पण तोवर गॅलेरिया कार्स्टाट कॉफहॉफ ही तिथली सर्वांत मोठी साखळी देणी चुकवायला मुदत मिळावी म्हणून न्यायालयाच्या संरक्षणाखाली जाऊन महिना होत आला होता. साथ पसरू नये म्हणून नियम हवेतच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझ्या स्वतःच्या घरात आजार येऊन गेला आहे. पण मोठ्या जागेत माणसं लांब लांब उभी राहू शकतात, हे आम्हा मजल्यावर काम करणाऱ्यांना रोज दिसायचं. आमच्या दुसऱ्या मजल्यावर चाळीस गिऱ्हाइकं असली तरी मजला मोकळाच वाटायचा. छोट्या दुकानात सहा माणसं आली की खांद्याला खांदा.

‘जीवनावश्यक’ या शब्दानेही असाच घोळ केला. सुपरमार्केटला खाद्यपदार्थांसाठी परवानगी असायची आणि तिथेच पलीकडच्या रांगेत मुलांचे कपडे, चादरी, भांडी विकली जायची. तेच सामान विकणारं शेजारचं डिपार्टमेंट स्टोअर मात्र बंद. वेल्समध्ये २०२०च्या ऑक्टोबरमध्ये सरकारने ही तफावत मिटवायला सुपरमार्केटमधल्या बिगरजीवनावश्यक रांगा प्लास्टिकने झाकायला लावल्या, तेव्हा लोक तिथेही चिडले. तान्ह्या बाळाचे कपडे जीवनावश्यक नाहीत का, असं आईबाप विचारत होते. मी मोज्यांच्या काउंटरवर वाढलेली बाई आहे. मला विचाराल तर थंडीत पायमोजा जीवनावश्यक आहे.

दुकान पुन्हा उघडलं त्या दिवसाबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. जमिनीवर बाण चिकटवले होते, एकाच दिशेने चाला म्हणून. सौंदर्यप्रसाधनांच्या काउंटरवर पारदर्शक पडदे, टेस्टर सगळे उचललेले. ट्रायल रूमच्या दारांवर आडव्या पट्ट्या. गिऱ्हाइकाने कपडा हातात घेऊन परत ठेवला की तो आम्ही वेगळ्या रॅकवर टाकायचो, वर चिठ्ठी लावायची, तारीख आणि वेळ लिहायची, आणि ठरलेले तास उलटल्याशिवाय तो मजल्यावर आणायचा नाही. परत आलेल्या मालाला तर तीन दिवस. मागची खोली अशा ‘थांबलेल्या’ कपड्यांनी भरली आणि मजल्यावर नेमका मागितलेला साइज सापडेना.

डिपार्टमेंट स्टोअर म्हणजे मुळात काय, याची आठवण मला त्या दिवशी झाली. पॅरिसमध्ये आरिस्तीद बूसिको यांनी १८५२ पासून ‘ल बाँ मार्शे’ वाढवलं, ते ज्या गोष्टींच्या जोरावर वाढवलं त्या साध्या होत्या : किंमत ठरलेली आणि लिहिलेली, आत यायला कुणालाही मोकळीक, हात लावून बघायला मोकळीक, न घेता परत जायला मोकळीक, आणि घेतलेलं आवडलं नाही तर परत करायचीही मोकळीक. त्याआधी दुकानात पाऊल टाकलं की काहीतरी घ्यावंच लागायचं, घासाघीस करावी लागायची. एका बाईने एकटीने तासभर फिरावं, दहा कापडांवरून हात फिरवावा आणि काहीही न घेता बाहेर पडावं, ही गोष्ट या दुकानांनी शक्य केली. महामारीने नेमकं हेच काढून घेतलं. आत येणं, रेंगाळणं, हात लावणं. ऑनलाइन मागवलेल्या पार्सलच्या खोक्याला यातलं काहीच लागत नव्हतं. आम्हाला पळायच्या शर्यतीत उतरवलं आणि पाय बांधले, असं मला वाटतं.

उघडल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात मी आल्टरेशनची खोली उघडली. आमचे टेलर मास्तर वयामुळे अजून येऊ शकत नव्हते. मशीनशेजारच्या दांडीवर ४३ कपडे लटकत होते, प्रत्येकाला चिठ्ठी आणि फोन नंबर. काहींचं काम झालेलं, काहींवर नुसती खडूची खूण. मी दोन दिवस बसून सगळ्यांना फोन केले. एक पँट होती मुलाची, चार इंच आखूड करायची होती. मास्तरांनी खडूने रेघ मारून ठेवली होती आणि टाचण्या लावल्या होत्या. मुलाची आई म्हणाली, ‘अहो, आता चार नको, दोनच करा. तो वाढला.’ मी टाचण्या काढल्या, खडू झटकला आणि मास्तरांना फोनवर विचारून दोन इंचांवर नवी रेघ मारली. ऑनलाइन खरेदीबद्दल मला राग नाही, माझी सून सगळं तिथूनच मागवते आणि तिला सोयीचं पडतं. पण ती पँट कुणी दोन इंचांवर आणून द्यायची, हा प्रश्न त्या सोयीत कुठेच येत नाही.

आता कर्जाकडे येते, कारण माझ्या मते खरं उत्तर तिथे आहे.

मला मान्य आहे की या दुकानांची विक्री महामारीच्या आधीपासून कमी होत होती. अमेरिकेत तर २००१ च्या सुमारापासून आलेख खालीच येत होता. आमच्याकडेही दरवर्षी हिशेब मांडताना ते दिसायचं. पण विक्री हळूहळू कमी होणं आणि एका वर्षात नामशेष होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जी दुकानं त्या वर्षात पडली त्यांच्या वह्या उघडून पाहिल्या तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा सापडते.

नीमन मार्कस हे १९०७ मध्ये डॅलसमध्ये सुरू झालेलं दुकान. गुंतवणूक कंपन्यांनी ते २००५ मध्ये एकदा आणि २०१३ मध्ये पुन्हा एकदा विकत घेतलं, दोन्ही वेळा प्रामुख्याने कर्ज काढून. आणि ते कर्ज विकत घेणाऱ्यांच्या नव्हे, दुकानाच्याच डोक्यावर बसलं. मे २०२० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा हा बोजा पाच अब्ज डॉलरच्या आसपास होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते न्यायालयातून बाहेर आलं, चार अब्जांच्या आसपास कर्ज पुसून, आणि दुकानं पुन्हा चालू. म्हणजे मरायला टेकलं होतं ते दुकान नव्हतं, कर्ज होतं.

डेबनहॅम्स ही तर १७७८ पासूनची ब्रिटिश पेढी. २००३ मध्ये तीही अशाच गुंतवणूकदारांच्या हातात गेली आणि २००५ मध्ये त्यांनी २३ दुकानांच्या इमारती एका जमीन-मालमत्ता कंपनीला विकून टाकल्या. दुकानं हलली नाहीत. तीच दुकानं, त्याच इमारती, फक्त आता भाड्याने, आणि करार कित्येक वर्षांचे. पैसे आले ते मालकांनी घेतले. पुढे मालक बदलले, भाडं राहिलं. २०२० मध्ये विक्री बंद पडली तेव्हा ते भाडं सुरूच होतं. एप्रिलमध्ये दिवाळखोर कंपनीचा कारभार बघणारे प्रशासक नेमले गेले, डिसेंबरमध्ये गाशा गुंडाळायचं ठरलं, १२ हजार नोकऱ्यांवर गदा आली. जानेवारी २०२१ मध्ये एका ऑनलाइन कंपनीने साडेपाच कोटी पौंडांना नुसतं नाव विकत घेतलं, दुकानं आणि माणसं नको म्हणून. १५ मे २०२१ ला शेवटची दारं बंद झाली. स्वतःचं घर विकून त्याच घरात भाडेकरू व्हायचं आणि मिळालेले पैसे तिसऱ्यानेच न्यायचे, असं कुणा कुटुंबाच्या बाबतीत झालं आणि मग संकटात ते रस्त्यावर आलं, तर आपण ‘ते तसेही रस्त्यावर येणारच होते’ असं म्हणू का?

उलट उदाहरणही आहे आणि ते कुणी सांगत नाही. अमेरिकेतल्या लिटल रॉकची डिलार्ड्स ही जुन्या पद्धतीची साखळी. बहुतेक इमारती स्वतःच्या मालकीच्या, कर्ज आवाक्यातलं. त्याच टाळेबंदीत त्यांचीही दुकानं बंद होती, त्यांचाही माल हँगरवर पडून होता, त्यांनाही त्या वर्षी तोटा झाला. पण ती साखळी दिवाळखोरीत गेली नाही, आणि २०२१ मध्ये तिने आधी कधी झाला नव्हता एवढा नफा कमावला. धंदा तोच, गिऱ्हाईक तेच, साथ तीच. आणि लॉर्ड अँड टेलर, १८२६ पासूनचं दुकान, ते तर महामारीच्या आदल्याच वर्षी कपडे भाड्याने देणाऱ्या एका ऑनलाइन कंपनीने विकत घेतलं होतं. ऑगस्ट २०२० मध्ये दोघांनी एकत्रच दिवाळखोरीचा अर्ज केला. ऑनलाइन असणं हेच तारणारं असतं, तर ते दोघं वाचायला हवे होते. जे. सी. पेनी हे मे २०२० मध्ये बुडालं तेव्हा त्याला विकत घेतलं त्याच्याच मोठ्या घरमालकांनी, मॉल चालवणाऱ्या दोन कंपन्यांनी. कारण एवढं मोठं दुकान रिकामं झालं तर आपल्या मॉलमध्ये माणूस फिरकणार नाही, हे त्यांना कळत होतं. ज्यांच्या खिशाला थेट झळ बसणार होती ते तरी या दुकानांना मेलेलं समजत नव्हते.

या सगळ्यात भरडलं कोण गेलं, ते वर्तमानपत्रांत फारसं आलं नाही.

पहिले पुरवठादार. मार्च-एप्रिलमध्ये जगभरच्या मोठ्या दुकानांनी तयार कपड्यांच्या ऑर्डरी रद्द केल्या किंवा अडकवून ठेवल्या. बांगलादेशातल्या तयार कपड्यांच्या कारखानदारांच्या संघटनेने तीन अब्ज डॉलरहून जास्त किमतीच्या ऑर्डरींचा हिशेब तेव्हा दिला होता. त्यातला बराच माल शिवून झालेला होता, कापडाचे पैसे कारखान्याने आधीच भरलेले होते. आमच्याकडेही एक यादी फिरली, कुठल्या ऑर्डरी रद्द करता येतील याची. माझ्या मजल्याची यादी मी स्वतः भरून दिली. त्यात एक छोटा पुरवठादार होता, जो अकरा वर्षं आम्हाला नाइट गाउन देत होता. त्यांनी मला फोन करून विचारलं, ‘मॅडम, शिवून झालेलं मी काय करू?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हटलं, वर विचारते. वर विचारलं, तिथून काहीच आलं नाही. मी त्यांना परत फोन केला नाही. ही माझी चूक आहे आणि ती मला आजही सलते.

दुसरे ते, ज्यांच्यासाठी मी खरं तर हे पत्र लिहायला घेतलं. डिपार्टमेंट स्टोअरमध्ये जी माणसं उभी दिसतात ती सगळी त्या दुकानाची नसतात. बऱ्याच काउंटरवर ब्रँडची स्वतःची माणसं असतात. जागा दुकानाची, माल ब्रँडचा, विक्रीतला हिस्सा दुकानाला. आम्ही त्यांना ‘कंपनीच्या मुली’, ‘कंपनीचा मुलगा’ म्हणायचो. गिऱ्हाइकाला फरक कळत नाही. वेळ आमचीच, नियम आमचेच, पाण्याचा नळही तोच. आजारी पडल्या तर रजेचा अर्ज मात्र कुठल्या तरी दुसऱ्या गावातल्या ऑफिसला. कित्येकींना तर मधल्या एखाद्या मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीकडून पगार यायचा.

टाळेबंदी लागली तेव्हा दुकानाने आपल्या पगारपत्रकावरच्या लोकांना काही महिने थोडाफार पगार दिला. ब्रिटनसारख्या देशात सरकारने ऐंशी टक्क्यांपर्यंत पगाराचा भार उचलला, तोही पगारपत्रकावरच्याच माणसांचा, ज्या मालकाने अर्ज केला त्याच्याच माणसांचा. कंपनीच्या मुलींना ब्रँडने सांगितलं, दुकान उघडलं की बघू. दुकान म्हणालं, त्या आमच्या नाहीत. एक मुलगी होती, लिपस्टिकच्या काउंटरवर सात वर्षं. ती मला दर सोमवारी मेसेज करायची, ‘ताई, काही कळलं का?’ जूनमध्ये उघडलं तेव्हा तिचा काउंटर रिकामा ठेवायचा आदेश होता, कारण ओठाला लावायची वस्तू दाखवायची कशी? तिला परत बोलावलंच नाही. पुढच्या वर्षी आमची शाखाच बंद झाली. तेव्हा बातमी छापून आली, त्यात ‘इतक्या कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या जाणार’ असा आकडा होता. तो दुकानाने दिलेला होता आणि दुकानाच्या हिशेबाने बरोबरही होता.

पण माझ्या मजल्यावर, फक्त माझ्या एका मजल्यावर, सुट्ट्या आणि पाळ्या धरून ६१ माणसं काम करायची. हजेरीचा तक्ता मी रोज लिहायची, म्हणून सांगते. त्यातली पगारपत्रकावरची होती २२. उरलेली ३९ त्या बातमीत नव्हती. नुकसानभरपाईच्या बैठकीतही नव्हती. निरोपाच्या दिवशी जो फोटो काढला त्यात त्यांच्यातल्या चौघी आल्या, त्याही मी फोन केला म्हणून.

ज्या वाचकांनी ते पत्र लिहिलं त्यांच्याबद्दल माझ्या मनात राग नाही. त्यांनी बाहेरून जे दिसतं ते लिहिलं. माझी विनंती आपल्या वृत्तपत्राला आहे. एखादं मोठं दुकान बंद झाल्याची बातमी द्याल तेव्हा इतकं विचारा : इमारत कुणाची होती आणि कधी विकली, कर्ज कुणी काढलं होतं आणि कशासाठी, रद्द केलेल्या ऑर्डरींचे पैसे कुणाला मिळाले नाहीत, आणि पगारपत्रकाबाहेरची किती माणसं त्या छताखाली उभी राहत होती. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर दुकानाच्या प्रसिद्धिपत्रकात मिळणार नाही. ते मजल्याच्या सुपरवायझरला विचारावं लागेल.

दुकान सोडताना मी माझा टाळेबंदीआधीचा शेवटचा हजेरीचा तक्ता बरोबर आणला. तो मार्च २०२०चा आहे, तारखा अर्ध्यातच थांबलेल्या. त्या ३९ जणींपैकी आणि जणांपैकी १७ जणांशी माझा अजून संपर्क आहे, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांची बोलायची तयारी आहे. आपल्या वार्ताहरांना भेटायचं असेल तर मी त्यांना विचारून गाठ घालून देईन. माझा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक पाकिटात वेगळा जोडला आहे, तो मात्र छापू नये.

आपली,
एक वाचक
(निवृत्त सुपरवायझर, दुसरा मजला)